उजवीकडून वाचायची सडक

मुनशी मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर सडकेवर उकिडवे बसून राख पसरत होते.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मंठ्याहून नेमणुकीचा कागद घेऊन मी आदल्या संध्याकाळी भोकरदनला मावशीकडे उतरले होते आणि सकाळी लवकरच शाळा शोधायला निघाले होते. वय एकोणीस. शाळेत शिकवायला बाईमाणूस येणार ही बातमी माझ्याआधीच गावात पोचलेली, त्यामुळे रस्त्याने जो तो माझ्याकडे बघत होता. एकटा हा गृहस्थ तेवढा बघायला तयार नव्हता. अंगात विटकी शेरवानी, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी आणि शेजारी टोपलंभर राख. शाळा कुठे आहे असं मी विचारलं, तर मान वर न करता त्यांनी हाताने दिशा दाखवली.

"बाई, जरा कडंनं जा. राख तुडवू नका. तुमचा पाय पोरांच्या पायात मिसळायला नको."

गावाला एखादा खुळा असतोच, असं मनाशी म्हणून मी कडेकडेने गेले. तासाभराने हेडमास्तरांनी शिक्षकांची ओळख करून दिली, तेव्हा त्यात हा खुळा दुसऱ्या नंबरवर उभा होता. अंबादासराव, इयत्ता तिसरी आणि वरच्या वर्गांचं गणित. हाताला अजून राख होती.

त्या राखेचा उलगडा दुपारच्या सुट्टीत झाला. मला राहवेना, मी विचारलं, आणि एवढंच विचारायचा अवकाश, मास्तर मला चौफुलीवरच घेऊन गेले. शाळा त्या चौफुलीच्या एका कोपऱ्यावर होती. समोर वस्तीची गल्ली, एका अंगाला बाजाराकडे जाणारी सडक, दुसऱ्या अंगाला जालन्याकडून उतरत येणारी. गल्लीच्या तोंडाशी शाळेकडे तोंड करून उभं राहिलं की जालन्याची उतरण उजव्या हाताला यायची. दिवसातून दोन बस, हंगामात कापसाचे ट्रक, बाजारच्या दिवशी बैलगाड्यांची रांग आणि सायकली. आज तुम्ही याला रहदारी म्हणणार नाही. पण ट्रकवाले उतरणीवर इंजिन बंद करून नुसते घरंगळत येत, आणि आवाज न करता येणारा ट्रक हा आवाज करणाऱ्यापेक्षा वाईट.

मास्तरांनी मला राखेत उमटलेले पोरांचे पाय दाखवले. पोरं सरळ पलीकडे जात नव्हती, तिरपी जात होती, कारण शाळेच्या काटेरी कुंपणाची फट पुढे बोरीच्या झाडाशी होती. आणि काही पाय सडकेच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. मास्तर त्या परतलेल्या पायांपाशी पुन्हा उकिडवे बसले.

"हे पाय अर्ध्यातून मागं आले. का आले असतील, बाई?"

गाडी दिसली असेल, मी म्हटलं.

"असंल. पहिले बघू, मंग बोलू."

हे त्यांचं पालुपद होतं. कुणी म्हणालं यंदा कापूस चांगला आहे, पहिले बघू, मंग बोलू. कुणी म्हणालं अमक्याचा मुलगा ढ आहे, पहिले बघू, मंग बोलू. हेडमास्तर वैतागून म्हणायचे की अंबादासराव स्वतःच्या लग्नातही अंतरपाट धरल्यावर हेच म्हणाले असतील. पण त्या आठवड्यात मास्तरांनी चौथीची पोरं हाताशी घेऊन कुंपणाची बाभळीची काटी उपसली, बोरीजवळची फट बुजवली आणि नवी फट बरोबर गल्लीच्या तोंडासमोर पाडली. पोरांचं सडकेवरून तिरपं जाणं निम्म्याने कमी झालं. बोरं मात्र कुंपणाबाहेर राहिली म्हणून पोरं मास्तरांवर महिनाभर रागावली होती.

मुनशी हे नाव पोरांनीच ठेवलेलं. निजामाच्या राज्यात मास्तर उर्दूतून शिकले आणि उर्दूतूनच शिकवत होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली, शाळेत मराठी आली आणि चाळिशीच्या घरातला हा माणूस ज्या भाषेत घरी बोलायचा तिच्यातच अडाणी ठरला. पोथी वाचता यायची, पण फळ्यावर लिहायला गेलं की ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण. मग हे गणिताचे मास्तर वर्षभर रोज अर्धा तास पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसले आणि पाटीवर ग म भ न गिरवत राहिले. पहिलीची पोरं त्यांना आपल्यातलाच एक समजून त्यांची पेन्सिल पळवायची. मी आले तेव्हा त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार झालं होतं. फक्त कोणतीही वही, कोणतंही हजेरीपत्रक ते शेवटच्या पानाकडून उघडायचे. तेवढं काही सुटलं नाही.

शाळेत मुली आणल्या त्या त्यांनीच. गल्लीतल्या एकेका घरी जाऊन, ओसरीवर बसून, चहा नको म्हणत म्हणत त्यांनी अकरा मुली मागून आणल्या होत्या. मुली आल्या म्हणून बाई हवी, म्हणून माझी नेमणूक. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी मला हे मोकळेपणाने सांगितलं होतं. मुली आहेत तोवर तुम्ही आहात, म्हणाले.

या अकरांत सगळ्यात आधी आलेली कौसल्या. वडील किसनराव, हसनाबादकडे शेती, घर गल्लीत. नऊ वर्षांची, तिसरीत मास्तरांकडे आणि मराठीला माझ्याकडे. मी वाचन शिकवायची तेव्हा मुलांकडून घोकून घ्यायची, "डावीकडून सुरू, उजवीकडे जाऊ." काही घरांत अजून मोठ्या भावांची उर्दू पुस्तकं होती, पोरं ती उघडून बघायची आणि कुठून सुरू करायचं यात गोंधळायची. माझी युक्ती कामी आली याचा मला अभिमान होता. कौसल्या तर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्याने म्हणायची.

माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात, उतरणीवरून घरंगळत आलेल्या एका कापसाच्या ट्रकची बाजूची फळी कौसल्याला लागली. चाक अंगावरून गेलं नाही म्हणून जीव राहिला. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने बांधलं, पण पाय बोटभर आखूड राहणार हे त्याने तेव्हाच सांगितलं.

मास्तर त्याच संध्याकाळी किसनरावांकडे गेले. मी सोबत होते. किसनराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी बसा म्हटलं नाही.

"मास्तर, तुम्ही दारात येऊन पोरगी मागून नेली. आता लंगड्या पोरीला कोन करून घेतंय, सांगा. शाळा तुमच्या पोरांला राहू द्या."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच बोलले आणि गल्लीतल्या सगळ्या ओसऱ्यांनी ऐकलं. आठ दिवसांत माझ्या वर्गात अकराच्या तीन मुली उरल्या. त्या तिघी सडकेच्या अलीकडे, शाळेच्या बाजूलाच राहायच्या. हेडमास्तरांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी माझ्या टेबलाशेजारची रिकामी सतरंजी गुंडाळून ठेवायला सांगितली, आणि मला जे समजायचं ते समजलं.

मास्तर मात्र रोज संध्याकाळी किसनरावांच्या ओसरीवर जात राहिले. किसनराव बोलत नसत, पण अडवतही नसत. कौसल्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ खाटेवर पडलेली असायची. एकदा मी तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले, तेव्हा मास्तर तिची उलटतपासणी घेत होते. पळालीस का, लक्ष कुठे होतं, असं काही नाही. काय दिसलं, कोणत्या क्रमाने दिसलं, एवढंच. कौसल्या म्हणाली, आधी बाजार दिसला, मग बोरीचं झाड, मग ट्रक.

"ट्रक कोणत्या हाताला व्हता?"

तिने उजवा हात वर केला.

"मंग तिकडं पहिले का न्हाई बघितलं?"

"बाईनं शिकिवलंय न्हाई का, डावीकडून सुरू." आणि माझ्याकडे बघून ती हसली, बरोबर उत्तर दिल्यावर हसतात तशी.

माझ्या हातातली पुरचुंडी मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. माझ्या शहाणपणाने या मुलीचा पाय गेला, असं मी म्हणाले असेन. चौफुलीवर आलो तेव्हा मास्तर गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि त्यांनी जालन्याच्या उतरणीकडे बघितलं.

"तुमची चूक बिलकुल न्हाई, बाई. कागद डावीकडूनच वाचायचा. पण सडक उर्दू हाये, ती उजवीकडून वाचावी लागती. गाडी पहिली उजव्या हातानंच येती. हे दुसऱ्या कुणाला न्हाई, मला कळायला पाहिजे व्हतं. मी पाय बघत राह्यलो. डोळे बघायचे राहून गेले."

नंतरचा आठवडाभर ते सकाळी आणि दुपारी चौफुलीवर उभे राहून पोरांचे डोळे बघत होते. कोणतं पोर आधी कुणीकडे मान वळवतं, हे बघायचं. मी उत्सुकतेने विचारलं की माझी डावीकडून सुरू करणारी पोरं किती निघाली. मास्तर म्हणाले की चार-दोन निघाली, बाकीची कुठेच बघत नाहीत, ती बोरीकडे बघतात. मला तेवढाच धीर आला.

मग शाळेत नवा धडा सुरू झाला. अंगणात खडूने सडक आखायची, कडेला उभं राहायचं, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, पुन्हा उजवीकडे, आणि मग चालायचं. पळायचं नाही. मास्तर याला सडक वाचणं म्हणत. माझ्या मराठीच्या तासाला कागद वाचायचा आणि त्यांच्या तासाला सडक. पोरांना हा खेळ इतका आवडला की ती घरी ओसरीवरून अंगणात उतरतानाही माना हलवू लागली, आणि गल्लीतल्या बाया विचारू लागल्या की शाळेत पोरांच्या मानेला काय झालं आहे.

पण धडा शाळेत येणाऱ्यांसाठी. गल्लीच्या तोंडाशी काहीतरी पाहिजे, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. शाळेत एक तडकलेला फळा पडला होता. त्यांनी तो सुताराकडून कापून घेतला, बाभळीच्या खांबावर ठोकला आणि पांढरा रंग कालवून मला विचारायला आले की एकच शब्द लिहायचा तर कोणता. ठरला तो थांबण्याचा. हेडमास्तर म्हणाले, पोरासोरांसाठी आहे, 'थांब' लिहा, काना कशाला. व्याकरण माझ्याकडे होतं, मीही तेच म्हणाले. एका मुलाशी बोलताना थांब, हे बरोबर.

"पोरीला सारी दुनिया थांब म्हणती," मास्तर म्हणाले. "आपण एकदा थांबा म्हणू. काय बिघडतंय?"

आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी, वळणदार अक्षरात, थांबा असं लिहिलं. एक बाजू गल्लीकडे पोरांसाठी, दुसरी सडकेकडे ट्रकवाल्यांसाठी. पाटी गल्लीच्या तोंडाशी रोवली.

ट्रकवाल्यांवर तिचा काडीचा परिणाम झाला नाही. झाला तो भलत्यांवर. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी पाटीखाली एक म्हातारा गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी त्याची म्हातारी. मास्तरांनी विचारपूस केली तर म्हणाला, जालन्याला जायचं. मग इथे का बसलात, बस बाजाराच्या अड्ड्यावरून निघते. म्हातारा मास्तरांकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "मोटार हितं थांबती की. पाटी हाये न्हाई का."

मुंबई राज्य आल्यापासून सरकारी बसच्या रस्त्यावर जागोजाग मराठी पाट्या लागल्या होत्या. त्यांवर हाच शब्द असायचा. आम्ही सगळे तोपर्यंत अड्डा म्हणायचो, पण जिथे 'थांबा' लिहिलंय तिथे उभं राहिलं की मोटार थांबते, हे खेड्यापाड्यातल्या माणसांनाही पक्कं ठाऊक झालं होतं. आम्हा शिकल्यासवरल्यांच्या ते डोक्यात आलं नाही. बस आली. ड्रायव्हरला खांब दिसला, पाटी दिसली, तिच्याखाली हात करणारी माणसं दिसली. बस थांबली. म्हातारा-म्हातारी चढली आणि गेली. मास्तर तोंडावर हात ठेवून उभे होते. 'थांब' लिहिलं असतं तर कुठली बस थांबली नसती.

महिन्याभरात तिथे रीतसर गर्दी जमू लागली. एकाने चहाची चूल मांडली. उतरणीवरून येणारी बस आता चौफुलीआधीच दम खाऊ लागली, आणि बसच्या मागचे ट्रकही नाइलाजाने ब्रेक दाबू लागले. दोन मुली परत आल्या, मग आणखी तीन. सतरंजी पुन्हा उलगडली. कौसल्या मात्र आली नव्हती. ती काठी घेऊन ओसरीवर चालू लागली होती, पण किसनराव बाहेर सोडत नव्हते.

उन्हाळा लागायच्या सुमारास जालन्याहून एक साहेब जीपने आले. कागदावर नसलेल्या थांब्यावर बस कशी उभी राहते याची चौकशी होती. ही पाटी कुणाच्या हुकमाने लावली, त्यांनी विचारलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले.

"साहेब, हे क्रियापद हाये. लोकांनी त्याचं नाम केलं, त्याला मी काय करू?"

साहेब इतके हसले की चहावालाही हसला. पण माणूस कामाचा होता. त्यांनी दाखवून दिलं की बस अगदी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, तिच्या आडून पोरं निघतात आणि ती मागच्या गाडीला दिसत नाहीत. मी भांडायच्या तयारीत होते. मास्तर म्हणाले, "बराबर. म्या बी हे बघून राह्यलो व्हतो." मग ते दोघे शेजारी शेजारी पावलं टाकत बाजाराच्या दिशेने गेले आणि चौफुलीपासून चाळीस पावलांवर साहेबांनी टाचेने मातीत रेघ मारली. पंधरा दिवसांत तिथे पत्र्याची सरकारी पाटी लागली. तिथे थांबायचं तर बसला चौफुलीवरूनच हळू व्हावं लागे. आमच्या फळ्यावरचा शब्द तेवढा पुसायला सांगितला. मास्तरांनी त्या जागी लिहिलं, बघा.

नव्या थांब्यावर किसनरावही बसू लागले. पेठेच्या कामाला ते आठवड्यातून एकदा जालन्याला जायचे, आणि बस वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही. अर्धा अर्धा तास दुसरं काही करण्यासारखं नसे. समोर चौफुली, शाळेची वेळ, आणि कडेला उभी राहून माना हलवणारी पोरं. चैत्रातल्या एका सकाळच्या शाळेच्या वेळी मी आणि मास्तर तिथून चाललो होतो, तेव्हा किसनराव उठून उभे राहिले. मास्तरांशी ते पाच महिन्यांनी बोलत होते.

"मास्तर, पोरं माना कशाला हालवून राह्यलीत?"

"सडक वाचून राह्यलीत."

कडेला थांबलेलं एक पोर पलीकडे पोचेपर्यंत किसनरावांनी बघितलं. मग म्हणाले, "आमची बी वाचंल का?"

मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण वाचणं या शब्दाचे दोन्ही अर्थ मी एका दमात तेव्हाच ऐकले. मास्तरांनीही ऐकले असावेत. या एका वेळी ते 'पहिले बघू' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "वाचंल."

जूनमध्ये शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात माझी मंठ्याला बदली झाली. शाळेतल्या मुली तोवर चौदा झाल्या होत्या, माझ्या जागी दुसरी बाई येणार होती, म्हणून मी फार वाईट वाटून घेतलं नाही. निघायच्या सकाळी मी बसमध्ये जाऊन बसले. पुढच्या खिडकीची जागा मिळाली. बस थांब्यावर उभी होती आणि काचेतून चौफुली दिसत होती.

गल्लीच्या तोंडाशी कौसल्या उभी होती. हातात काठी नव्हती. तिच्या मागे दहा पावलांवर किसनराव. सडकेच्या पलीकडे, कुंपणाच्या फटीपाशी, मुनशी मास्तर. हात मागे बांधलेले. आणि त्यांनी सडकेकडे पाठ फिरवली होती. दोन वर्षं मी या माणसाला सगळं बघताना पाहिलं होतं. त्या सकाळी ते शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि वळत नव्हते.

कौसल्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. एक सायकल जाऊ दिली. मग ती निघाली. एक पाऊल हलकं, एक जड, पण पळाली नाही. ती पलीकडे पोचून मास्तरांच्या मागे उभी राहिली, तरी ते वळेनात. शेवटी तिने त्यांच्या शेरवानीचं टोक धरून ओढलं. बस सुटली तेव्हा मास्तर वळले होते आणि टोपी काढून त्या टोपीनेच डोळे पुसत होते.